सातची हजेरी

सोपानराव जमादारांच्या नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची चार त्यांनी चिंचवडच्या अलीकडं, फाट्यावरच्या पोलीस चौकीत काढली होती. चौकी म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि पुढं मोकळं पटांगण. जमादार धरून माणसं चार. वर फौजदार यशवंतराव होते, पण त्यांच्या ताब्यात आणखी दोन चौक्या असल्यानं ते दिवसाआड चक्कर टाकायचे. बाकी सगळा कारभार सोपानरावांचाच.

एकोणीसशे सत्तावन्न साल होतं. पिंपरीत औषधांचा मोठा कारखाना सुरू झाला होता आणि त्याच्या मागोमाग रस्त्याच्या दोन्ही अंगांची माळरानं खणली जात होती. कुठं पाया, कुठं पत्र्याची शेड, कुठं नुसतंच कुंपण घालून ठेवलेली तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि लोखंडी नळ. कामाला माणसं येत होती करमाळ्याकडून, जामखेडकडून, पार बीडकडून. त्यातली साठ-सत्तर कुटुंबं एका जुन्या दगडखाणीच्या काठावर झोपड्या घालून राहिली होती. तिला सगळे खाणवस्ती म्हणत.

माल आला तसा तो चोरीलाही जाऊ लागला. आज तार, उद्या नळ. ठेकेदार चौकीत येऊन आरडाओरडा करायचे. तेव्हा हजेरीची कल्पना काढली ती सोपानरावांनीच. पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या काही जमातींवर कायद्यानं सरकारी हजेरी असायची. तो कायदा जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि खाणवस्तीतली माणसं त्या जमातींतलीही नव्हती. पोटासाठी गाव सोडून आलेले साधे गवंडी, बिगारी. पण सोपानरावांनी तरुणपणी सोलापूरकडं अशा हजेऱ्या घेतल्या होत्या आणि चोरीवर त्यांना हाच एक उपाय ठाऊक होता. रोज संध्याकाळी सात वाजता वस्तीतल्या सगळ्या बाप्यांनी पटांगणात यायचं, रांगेत उभं राहायचं, नाव पुकारलं की पुढं होऊन अंगठा उठवायचा. त्रेसष्ट नावं. सव्वा तास सहज जायचा. संध्याकाळच्या ओव्हरटाइमला कुणाला थांबता येत नसे. पण तक्रार कोण करणार? त्या वर्षी चोऱ्या जरा कमी झाल्या, आणि पुण्याच्या मोठ्या साहेबांनी सोपानरावांना शाबासकीचं पत्र धाडलं. ते त्यांनी ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली जपून ठेवलं होतं.

रांगेत एक गेनू नावाचा गवंडी असायचा. तिशीचा, काटक, मान ताठ. तो रोज अंगठा उठवला की विचारायचा, "जमादार, आज माझ्या नावापुढं काय लिवलं?"

"हजर लिवलं. चल, हो पुढं."

"वाचून दावा की."

सोपानरावांना त्याचा राग यायचा. रागावण्यासारखं तो काही बोलत नसे, म्हणून जास्तच यायचा.

दिवाळी झाल्यावर पुण्याहून एक प्राध्यापक आले, नानासाहेब. समाजशास्त्र शिकवायचे. त्यांनी मोठ्या साहेबांचं मन वळवलं होतं की पोलिसांनी आणि शिकलेल्या माणसांनी मिळून एकदा बघू या, कशानं चोऱ्या थांबतात आणि कशानं नाही. त्यांच्याबरोबर त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या कुसुमताई होत्या. वय पंचविशीचं, अंगावर जाडंभरडं पातळ, खांद्याला कापडी पिशवी. यशवंतराव फौजदारांनी त्यांना खुर्च्या दिल्या. सोपानराव उभेच राहिले.

"हजेरीनं चोऱ्या कमी झाल्या असं तुम्ही म्हणता," नानासाहेब म्हणाले. "कशावरून?"

"दिसतंच आहे की, साहेब."

"तुम्हाला दिसत असेल. मला दाखवता येईल असं काही आहे का?"

नानासाहेबांनीच मग तोड काढली. एक पंधरवडा हजेरी बंद, पुढचा पंधरवडा चालू, असं बारा आठवडे करायचं. प्रत्येक चोरी लिहून ठेवायची. शेवटी दोन्हीकडच्या चोऱ्या समोरासमोर मांडायच्या.

कुसुमताई मध्येच म्हणाल्या, "सर, सरसकट बंदच करून पाहिली तर? नुसत्या तुलनेसाठी माणसांना उभं करायचं, हे मला बरं वाटत नाही."

"ती आजही रोज चालू आहे," नानासाहेब म्हणाले. "आपल्याला निम्मी बंद करायची परवानगी मिळाली आहे. तेवढीच."

बाईंचं समाधान झालेलं दिसलं नाही.

निघण्यापूर्वी नानासाहेबांनी अटी सांगितल्या. वस्तीतली माणसं कुसुमताईंना जे सांगतील, त्यातलं कुणाचंही नाव पोलिसांना मिळणार नाही. चौकीचं चोऱ्यांचं रजिस्टर मात्र दर गुरुवारी त्यांना जसंच्या तसं दाखवायचं, आणि त्याची नक्कल त्यांनी करून घ्यायची. "आणि जे निघेल ते छापायचं. तुमच्या बाजूनं निघालं तरी, उलट निघालं तरी."

यशवंतराव हसून म्हणाले, "उलट कशाला निघतंय?" आणि त्यांनी सही केली. सोपानरावांनाही तेच वाटलं होतं.

सतरा नोव्हेंबरला, रविवारी, पहिला बिनहजेरीचा पंधरवडा सुरू झाला. संध्याकाळी पटांगण रिकामं पाहून सोपानरावांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. सात वाजले तसे ते उठले, ओसरीवर आले, कंदील लावला, पुन्हा विझवला. मग काही सुचेना म्हणून दोन शिपाई घेऊन रस्त्यानं निघाले आणि कुंपणाकुंपणानं हिंडून आले. पुढं त्या पंधरवड्यात रोजच तसं झालं.

कुसुमताई दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं चिंचवड स्टेशनला उतरायच्या आणि चालत यायच्या. आधी रजिस्टर उतरून घ्यायच्या, मग वस्तीत, मग कामांवर. चोरी झाली त्या प्रत्येक जागेच्या पहारेकऱ्याला गाठून एकच प्रश्न विचारायच्या, किती वाजता? चौकीच्या रजिस्टरात तारीख असायची, वेळ नसायची. वेळेची कुणाला गरजच पडली नव्हती.

सोपानरावांना सुरुवातीला या बाईचा जाच वाटला. मग हळूहळू गुरुवार जवळ आला की ते चहासाठी दूध जास्त आणायला सांगू लागले. बाई नीट ऐकून घ्यायच्या. जमादारसाहेब म्हणायच्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांना कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते.

जानेवारीच्या नऊ तारखेला, गुरुवारीच, चहा पिता पिता कुसुमताईंनी वही उघडली. "जमादारसाहेब, आतापर्यंत चौदा चोऱ्या झाल्या. बिनहजेरीच्या दिवसांत चार. हजेरीच्या दिवसांत दहा."

सोपानरावांनी कप खाली ठेवला. "असं कसं?"

"मलाही कळत नव्हतं. म्हणून वेळा लावून पाहिल्या. त्या दहांतल्या आठ चोऱ्या सात ते सव्वाआठ या वेळात झाल्यात." त्यांनी वही मिटली. "हजेरी चालू असते तेव्हा तुमचे शिपाई कुठं असतात?"

"इथंच. एक नावं पुकारतो, एक अंगठा घेतो, एक रांग राखतो."

"आणि तुम्ही?"

"मी इथं, टेबलाशी."

"म्हणजे सगळे चौघं."

"हां. सगळे."

सोपानरावांनी पटांगणाकडं पाहिलं. रोज सात वाजता तिथं कंदील लागायचा, तो पार चिंचवडच्या वळणावरून दिसायचा. फाट्यावरचे चारही पोलीस आता सव्वा तास कुठं असणार, हे तो कंदील सगळ्या मुलखाला सांगत होता.

त्या संध्याकाळीही त्यांनी हजेरी घेतली. पंधरवडा हजेरीचा होता, शनिवारपर्यंत घ्यायचीच होती. पण एकेक नाव पुकारलं जात असताना त्यांचं लक्ष रस्त्याकडं लागलेलं होतं. घरी गेले तर जेवण जाईना. ट्रंकेतलं पत्र काढून वाचलं, परत ठेवलं. आपण इतके दिवस काय केलं, असं एक मन विचारायचं. दुसरं म्हणायचं, चार बुकं शिकलेली पोर, तिनं चौदा चोऱ्यांवरून आपली सगळी नोकरी मोडीत काढायची? हे दुसरं मन दोन दिवसांत फार मोठं झालं.

सोमवारी, तेरा तारखेला सकाळी, बबनराव नावाचा पहारेकरी चौकीत आला. माणूस जवळच्याच गावचा, पन्नाशीचा. त्याच्या कामावरच्या कोठीचं कुलूप तोडून तांब्याच्या तारेची दोन भेंडोळी गेली होती.

"कवा?"

"शनिवारी, जमादार. साताच्या सुमाराला मी च्या प्यायला फाट्यावर आलतो. आठाला माघारी गेलो तर कुलूप तुटल्यालं."

"मग आज सांगतोस?"

"भ्यालो." बबनरावानं पागोट्याचा शेव हातात घेतला. "चाकरीच्या टायमाला जागा सोडली म्हनून काढून टाकतील. रविवारी माझी सुट्टी आसती. रविवारची चोरी म्हून लिवली, तर माझ्यावर येनार न्हाई."

"तसं लिहिता येत नाही," सोपानराव म्हणाले आणि त्यांनी रजिस्टरात तारीख लिहिली, ११. बबनराव मान खाली घालून बाहेर गेला आणि पायरीवर बसून राहिला.

शनिवार, अकरा. हजेरीच्या पंधरवड्याचा शेवटचा दिवस, आणि वेळ सातची. म्हणजे दहाच्या अकरा चोऱ्या, आठाच्या नऊ. सोपानराव त्या आकड्याकडं बघत बसले. रविवारी बारा तारखेला बिनहजेरीचा पंधरवडा सुरू झाला होता. शाई अजून ओली होती. एकाचा दोन करायला फार काही लागत नाही, खालची शेपटी जरा लांब ओढायची. गरिबाची नोकरी वाचेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही ते नव्हतं. त्यांनी शेपटी ओढली, वर टीपकागद दाबला आणि बबनरावाला आत बोलावून अंगठा घेतला.

एवढ्यावर हे थांबेल असं त्यांना वाटलं होतं. कागदावरचा एक आकडा इकडचा तिकडं गेला, एवढंच.

मंगळवारी यशवंतराव आले. त्यांनी रजिस्टर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा जमादार, हजेरी उठली आणि पहिल्याच दिवशी कोठी फुटली. हे मोठ्या साहेबांना आजच कळवतो." मग त्यांनी शिपायांना विचारलं, रविवारी संध्याकाळी रस्त्यावर वस्तीतलं कोण दिसलं? एक शिपाई म्हणाला, गेनू गवंडी दिसला होता. दिवेलागणीला, खांद्याला पिशवी, चिंचवडच्या बाजूला चालला होता.

बुधवारी सकाळी गेनूला कामावरून उचललं. ठाण्यावर नेलं. कुठं गेला होतास, असं विचारल्यावर तो म्हणाला, "गेलतो कामाला." कसलं काम, ते सांगेना. कोर्टानं पोलीस कोठडी दिली.

गुरुवारी कुसुमताई आल्या तेव्हा चौकीच्या पायरीवर गेनूची बायको शकू बसली होती. रडत नव्हती. नुसती बसली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत. आत यशवंतराव वाट पाहत होते.

"बाई, रविवारी संध्याकाळी गेनू कुठं होता, हे तुमच्या वहीत असेल."

"असेलही."

"मग दाखवा."

"नाही दाखवता येणार. अट आहे. तुमची सही आहे त्यावर."

"तो बाहेर सुटण्यासारखं काही असेल आणि तुम्ही लपवलंत, तर तो तुमच्यामुळं आत राहील. कळतंय का हे तुम्हाला?"

कुसुमताईंचा चेहरा उतरला. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. "कळतंय," त्या म्हणाल्या. "मला विचारून पाहू दे. ज्यांनी सांगितलं त्यांनी हो म्हटलं, तर सांगेन."

त्या बाहेर गेल्या आणि शकूशेजारी पायरीवर बसल्या. खिडकीशी उभ्या असलेल्या सोपानरावांना दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"शकू, मी सांगू का त्यांना?"

"नगं ताई."

"तो सुटेल."

"एक सुटंल आन दहा जणांची कामं जातील. ठेकेदाराला नावं कळली की संपलं. ह्यांनी शपथ घातलीया." शकूचा आवाज तेवढ्यात फुटला, पण तिनं तो पुन्हा आवरला. "तुमी बोलला होता कुनाला सांगनार न्हाई म्हून."

"हो. बोलले होते."

सोपानरावांना अंदाज आला. चिंचवडला कुणाच्या तरी घरात कामगारांची बैठक झाली असणार, युनियन काढायची. त्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. ते खिडकीपासून बाजूला झाले, टेबलाशी बसले, पुन्हा उठले. बाई आत आल्या, त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि त्या नक्कल करू लागल्या. शेवटच्या नोंदीशी त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी तारखेकडं बघितलं, मग सोपानरावांकडं.

"वेळ?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही."

"मी बबनरावांना विचारते."

"तो गावाला गेलाय," सोपानराव म्हणाले. तेही खोटं होतं.

शुक्रवारी त्यांना ठाण्यावर कागद पोचवायला जावं लागलं. कोठडीत गेनू भिंतीला टेकून बसला होता. डावा डोळा सुजला होता. सोपानरावांना पाहून तो उठला नाही. नुसतं म्हणाला, "जमादार, या खेपेला काय लिवलं माझ्या नावापुढं?"

सोपानराव तसेच बाहेर आले आणि सायकल हातात धरून चालू लागले. अर्ध्या वाटेत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण सायकलवर बसलेलोच नाही. शनिवारी संध्याकाळी, सात वाजून वीस मिनिटांनी, गेनूनं पटांगणात त्यांच्यासमोर अंगठा उठवला होता. हजेरीच्या वहीत तो अंगठा होता, खाली सोपानरावांची सही होती. कोठी फुटली तेव्हा गेनू पोलिसांच्याच समोर उभा होता, यापेक्षा भक्कम पुरावा दुसरा काय असणार? तो पुरावा त्यांच्याच टेबलाच्या खणात होता. आणि त्यांनी शेपटी ओढली नसती तर गेनूला कुणी हातसुद्धा लावू शकलं नसतं.

शनिवार, रविवार त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. चौकीत बसवेना, घरी बसवेना. बायको सोजराबाई चाकणच्या बाजूच्या शेतकरी घरातली, कमी बोलणारी. रविवारी दुपारी सोजराबाईंनी ताट पुढ्यात ठेवलं आणि त्या समोरच बसल्या.

"चार दिस झालं, भाकर चिवडताय. काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, बबनरावाचं निमित्त सोडून. ते सांगायची लाज वाटली.

"मंग दुरुस्त करा की."

"जमादारकी जाईल. दोन वर्षं राहिलीत माझी. पेन्शनलाही धक्का लागेल."

सोजराबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "त्याची बाई कुटं हाय?"

"चौकीच्या पायरीवर. रोज येते."

"जेवती का?"

सोपानरावांना ते माहीत नव्हतं. त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सोजराबाईंनी उठून दोन भाकरी आणि कोरड्यास फडक्यात बांधलं आणि त्या स्वतःच चौकीच्या वाटेला लागल्या. नवऱ्याला त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी सोपानराव लवकर चौकीत आले. रजिस्टर उघडून त्या नोंदीखाली त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, की वरील चोरी शनिवार ता. ११ रोजी सायंकाळी सात ते आठ या वेळात झाली असून, तारखेत फेरफार मी स्वतः जाणूनबुजून केला आहे. खाली सही केली. तेच दुसऱ्या कागदावर उतरवलं, पाकिटात घातलं आणि पहिल्या गाडीनं पुण्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या फिटरजवळ दिलं, नानासाहेबांच्या कचेरीत कुसुमताईंना पोचवायला सांगून. मग हजेरीची वही काढून टेबलावर ठेवली आणि यशवंतरावांची वाट पाहत बसले.

यशवंतरावांनी ते वाचलं. दोनदा वाचलं. "हे काय केलंत तुम्ही?"

"केलं ते आधी केलं, साहेब. हे नुसतं लिहिलंय."

"मी वर कळवून बसलोय. मोठ्या साहेबांना. माझं काय?" ते येरझारा घालू लागले. "ऐका. पुराव्यावाचून महिन्याभरात सुटेल तो. हे पान जाऊ द्या."

"एक नक्कल पुण्याला गेलीय. रजिस्टर जसंच्या तसं दाखवायचं ठरलं होतं."

यशवंतराव थांबले. तरुण माणूस, नवी नोकरी. त्यांच्या तोंडावर राग होता, आणि रागापेक्षा जास्त भीती. ते खुर्चीत बसले, हजेरीची वही उघडली, गेनूच्या अंगठ्याचा ठसा निरखून पाहिला. शिपायानं चहा आणून ठेवला. तो गार झाला. शेवटी त्यांनी टोपी उचलली.

"चला कोर्टात," ते म्हणाले. "तुमच्या तोंडूनच सांगा."

आठव्या दिवशी गेनू सुटला. बबनरावाची जबानी नव्यानं झाली आणि त्याची नोकरी गेली ती गेलीच. सोपानरावांची चौकशी लागली, जमादारकी काढून घेतली, आणि साधा शिपाई म्हणून जुन्नरकडं बदली झाली. मोठ्या साहेबांनी बारा आठवडे पुरे होण्याआधीच हजेरी कायमची उठवली. शिपाई संध्याकाळी सात वाजता वेगवेगळ्या वाटांनी कुंपणाकुंपणानं फिरू लागले. फेब्रुवारीच्या मध्यावर अशा फेरीतच एक लॉरी सापडली. चालक पुण्याचा, त्याचा खाणवस्तीशी काही संबंध नव्हता. त्यानं साधेपणानं सांगितलं, की चौकीपुढं कंदील दिसला की आम्ही कामाला लागायचो.

कुसुमताई सोपानरावांना निरोप द्यायला आल्या होत्या. "अहवालात तुमचं नाव येणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणाचंच नाही. पण तारीख बदलली होती, हे यावं लागेल."

"येऊ द्या." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला त्या गुरुवारीच कळलं होतं ना?"

"शंका आली होती. शंकेवर काही लिहायचं नाही, असं ठरलेलं आहे." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "ते पाच दिवस मलाही फार जड गेले. मी बरोबर वागले की नाही, अजून कळत नाही."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सोपानराव खाणवस्तीत गेले. अंगात गणवेश नव्हता. धोतर, सदरा आणि टोपी. तरी त्यांना बघून झोपड्यांपुढं बसलेले बाप्ये उठून उभे राहिले, आणि उभे राहता राहता एका ओळीत आले. "बसा," ते म्हणाले. कुणी बसलं नाही.

गेनू आपल्या झोपडीच्या तोंडाशी बसला होता. तो तेवढा उठला नाही. सोपानराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. आतून शकू बाहेर आली.

"मुकादम ह्यांना कामावर घीना झालाय," ती म्हणाली. "चोर म्हनून नेलं हुतं म्हनतो. लिवून द्या, की ह्यांनी काय केलं न्हवतं म्हून."

"मी आता शिपाई आहे, बाई. माझ्या सहीला काय किंमत?"

"तवा तुमच्याच लिवन्यावर नेलं न्हवं?"

सोपानराव तिथंच दगडावर बसले. कागद आणि पेन खिशात होतं. त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि शकूनं सांगितलं म्हणून वाचून दाखवल्या. 'सदर इसमास चुकून अटक करण्यात आली होती', इथवर आल्यावर गेनू पहिल्यांदा बोलला.

"चुकून न्हवतं ते."

सोपानरावांनी तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, की चोरी झाली त्या वेळी हा माणूस माझ्यासमोर उभा होता. मला ते ठाऊक होतं आणि मी तारीख बदलली. नाव घातलं, जुना हुद्दा, नवा हुद्दा, तारीख. वाचून दाखवलं. गेनूनं कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि उठून कामाच्या वाटेनं निघाला. कामावर माणसं घेण्याची वेळ टळत आली होती. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

त्याचं पुढं काय झालं ते सोपानरावांना एप्रिलमध्ये कळलं, कुसुमताईंच्या पत्रातून. अहवाल छापून झाला होता. गेनूला पाच आठवड्यांनी भोसरीकडं एका बांधकामावर काम मिळालं. तिथल्या मुकादमानं कागद उघडूनही पाहिला नाही. त्याला गवंडी हवा होता. कागद गेनूनं अजून जवळ ठेवला आहे, असं बाईंनी शेवटी लिहिलं होतं. पुन्हा कुणी न्यायला आलं तर लागेल, म्हणाला.